‘मी’ विसाव्या घरात

ज्याँ-दोमिनिक बोबीच्या ‘द डायव्हिंग बेल अँड द बटरफ्लाय’चा विषय निघाला की लोक आधी आकडा सांगतात: डाव्या पापणीच्या सुमारे दोन लाख उघडझापी, आणि त्यातून एक पुस्तक. या आकड्याने पुस्तकाचं नुकसानच केलंय असं मला वाटतं. ऐकणारा थक्क होतो आणि वाचायचं राहून जातं. सगळं पुस्तक नको, त्यातलं वर्णमालेवरचं छोटंसं प्रकरण तेवढं वाचा.

मागची हकीकत थोडक्यात. बोबी ‘एल’ या फ्रेंच साप्ताहिकाचा मुख्य संपादक. ८ डिसेंबर १९९५ ला, वयाच्या ४३ व्या वर्षी त्याला मेंदूचा झटका आला. शुद्धीवर आला तेव्हा बुद्धी जागच्या जागी होती, शरीर मात्र बंद. उजवा डोळा डॉक्टरांना शिवून टाकावा लागला. हुकमात उरली ती डावी पापणी. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर बेर्क इथल्या रुग्णालयात स्पीच थेरपिस्टने त्याच्या हाती एक साधन दिलं. त्याला ना वायर, ना बॅटरी. फ्रेंचमध्ये जे अक्षर सर्वांत जास्त येतं ते पहिलं, अशी लावलेली २६ अक्षरं. समोरच्याने ती म्हणत जायची, हवं ते अक्षर आलं की बोबीने पापणी मिटायची.

हे प्रकरण म्हणजे त्या साधनाची माहिती असती तर एका परिच्छेदात संपलं असतं. बोबी तसं करत नाही. तो अक्षरांकडे संपादकाच्या नजरेने पाहतो, म्हणजे कचेरीतली माणसं पाहावीत तसा. ‘ई’ मिरवत पुढे, ‘डब्ल्यू’ शेपटाला लोंबकळलेलं. ‘बी’ला राग, कारण ज्याच्याशी नेहमी गल्लत होते त्या ‘व्ही’लाच खेटून उभं केलंय. आणि ‘जे’ला कळेना, इतकी वाक्यं आपल्यापासून सुरू होतात, तरी आपण इतक्या खाली कसे?

इथे थांबून घरं मोजली पाहिजेत. ‘जे’ विसाव्या घरात आहे. फ्रेंचमध्ये ‘मी’ म्हणायला ‘जे’ लागतो. ‘तू’ला लागणारी ‘टी’ आणि ‘यू’ ही अक्षरं मात्र सातव्या-आठव्या घरात, शेजारी शेजारी. आपली ताटातूट झाली नाही म्हणून ती दोघं खूश आहेत, असं बोबी लिहितो. वाचताना आधी हसू येतं. मग लक्षात येतं की ‘मी’ म्हणण्यासाठी या माणसाला दर वेळी एकोणीस अक्षरं जाऊ द्यावी लागतात. तो हे मोजून दाखवत नाही. अक्षराच्या फुगलेल्या नाकावर विनोद करतो आणि पुढे जातो. तक्रार गिळून टाकण्याची ही ढब संपूर्ण पुस्तकाला आहे, पण इतकी सफाईदार दुसरीकडे कुठे नाही.

प्रकरणाचा उत्तरार्ध भेटायला येणाऱ्यांवर आहे, आणि तिथे बोबी खरा रंगात येतो. घाबरट पाहुणा अक्षरं भराभर म्हणतो, भलतंच काहीतरी लिहून घेतो, मग स्वतःच प्रश्न आणि स्वतःच उत्तरं देत बसतो. बोबीला तेवढीच विश्रांती. काटेकोर पाहुणा कधी चुकत नाही, पण शब्द उघड दिसत असतानाही शेवटचं अक्षर येईपर्यंत तोंडातून काढत नाही. शब्दकोडी सोडवणारे पुढे असतात. मुलांपेक्षा मुलींना हे चांगलं जमतं, असाही शेरा तो मारतो. आणि मग ती चष्म्याची गोष्ट. फ्रेंचमध्ये चष्मा म्हणजे ‘ल्युनेत’, चंद्र म्हणजे ‘ल्युन’. चष्मा मागायला निघालेल्या बोबीला मध्येच अडवून विचारलं जातं, चंद्र कशाला हवा तुम्हाला? ऐकणाऱ्याने शब्द चार अक्षरांवरच संपवला होता. चिडावं अशी चूक, पण बोबीला तिच्यात काव्य दिसलं.

साधन खरं कुठे असतं ते या गोष्टीत कळतं. तक्ता कागदावर असतो, बाकी सगळं ऐकणाऱ्याच्या धीरावर. स्टीफन हॉकिंगच्या चष्म्यावरचा सेन्सर गालाची हालचाल टिपायचा आणि संगणक पुढचा शब्द ओळखून समोर ठेवायचा. तीही एक ओळखाओळखीच, फक्त यंत्राला घाई नसते आणि ओशाळवाणंही होत नाही. ज्युलियन श्नाबेलने २००७ साली या पुस्तकावर सिनेमा केला. त्यात ती वर्णमाला पुन्हा पुन्हा कानावर पडते, जवळजवळ जपासारखी. पण ‘जे’चा रुसवा पडद्यावर येत नाही. तो कागदावरच.

हे वाचून मी भाचीबरोबर एक खेळ करून पाहिला. तिने ओठ मिटायचे, मी ‘क’पासून म्हणत जायचं. ‘प’ यायला एकवीस अक्षरं लागली. मग काना. ‘पा’ मिळताच मी म्हणालो, “पाय?” तिने मान हलवली. “पाठ?” तिसऱ्यांदा ती नियम मोडून ओरडलीच, “मामा, पाणी! बोलू तर दे ना!” आजारी माणसाला सारखे लागणारे तीन शब्द आपल्याकडे एकाच ‘पा’ने सुरू होतात, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

पण आपल्या वर्णमालेत एक सोय दडलेली आहे. कंठापासून ओठांपर्यंत अशी ती लावलेली, म्हणजे चालत्या तोंडाचा नकाशाच. ज्याचं तोंड चालत नाही त्याला त्याचा काय उपयोग, असं आधी वाटलं. तरी त्या नकाशात पाच-पाचच्या पाच ओळी आयत्या आखलेल्या आहेत. आधी ओळ विचारायची: क, च, ट, त, प. मग ओळीतलं घर. ‘ङ’ आणि ‘ञ’ ओळीच्या टोकाला नुसते बसून असतात. बोबीने त्यांची चांगलीच टर उडवली असती. जोडाक्षरांचं काय करायचं ते मात्र आम्हाला अजून सुटलेलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी याच रीतीने बसलो. एक नियम वाढवला: शब्द पुरा झाला की तिने डोळे मिटून ठेवायचे, तोवर मी ओळखायचं नाही. काना, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी या हाका धरून आदल्या दिवशीच्या रीतीने चाळीस झाल्या असत्या. ‘पाणी’ अठरा हाकांत आलं.