हेमलकशाला जाणारी पेटी

हेमलकशाच्या पेटीसाठी पुस्तकं निवडायला बसले की मी एक मूल डोळ्यांसमोर ठेवते. ते सहावीत आहे, आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहतं, घरी माडिया बोलतं. मराठी त्याला शाळेत भेटली. जंगलाची ओळख मात्र कुणी करून द्यावी लागली नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे उठून त्यानं आईबरोबर मोहाची फुलं वेचली आहेत, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडला आहे. शहरातल्या याद्यांमधली नावाजलेली पुस्तकं मी या मुलापुढे ठेवून बघते, आणि त्यातली बरीच तिथेच गळतात.

बाबा आमट्यांनी 1973 साली गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडच्या जंगलात, हेमलकशाला, लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमट्यांनी तो उभा केला. 1976 साली शाळा निघाली. सुरुवातीला मुलं शाळेतून घरी पळून जायची. ती पळत होती यात नवल नाही. पुढ्यातलं पुस्तक ज्या घरांबद्दल, सणांबद्दल, बाजाराबद्दल बोलत होतं, ते त्यांच्यापैकी कुणी पाहिलेलंच नव्हतं.

आज नऊ ते तेरा वर्षांच्या मराठी वाचकाची अडचण थोडी अशीच आहे. अगदी लहानांसाठी मराठीत सुंदर काम झालंय. माधुरी पुरंदरे यांची 'यश' आणि 'राधाचं घर' ही पुस्तकं कुठल्याही भाषेनं अभिमान धरावा अशी आहेत. मोठ्यांसाठी जंगल लिहिणारे मारुती चितमपल्ली आणि व्यंकटेश माडगूळकर आहेत. मधलं कपाट मात्र थोरांच्या चरित्रांनी आणि बोधकथांनी भरलेलं असतं. मुखपृष्ठावर 'संस्कारक्षम' असा शब्द दिसला की मी पुस्तक खाली ठेवते. त्या शब्दामागे बहुतेक वेळा गोष्ट नसते, ताकीद असते.

जंगलाच्या गोष्टींचं दुखणं आणखी निराळं. गडचिरोलीच्या रानात सिंह नाही, तरी आपल्या गोष्टींत राजा सिंहच. आदिवासी आले तर डोक्यात पिसं खोचून नाचणार, नाहीतर शहरातल्या मुलांना वाट दाखवून पुढच्या पानावर नाहीसे होणार. एकदा मी आश्रमशाळेतल्या मुलांना अशीच एक साहसकथा वाचून दाखवत होते. रात्र, अंधार, वाट चुकलेली मुलं आणि दुरून आलेला 'भयाण आवाज'. मागच्या रांगेतल्या मुलीनं विचारलं, "आवाज कोणाचा?" मी पान उलटलं, पुढचंही उलटलं. लेखकानं ते लिहिलंच नव्हतं. ज्या मुलीला रातव्याचा, घुबडाचा, भेकराचा आवाज वेगवेगळा कळतो, तिला नुसता 'भयाण' हा शब्द कसा पुरावा? त्या दिवसापासून जंगलाचं कुठलंही पुस्तक मी तिच्या प्रश्नाला लावून बघते.

या कसोटीला जुनी पुस्तकं कधीकधी अनपेक्षितपणे उतरतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्याचा हीरो म्हणून ओळखला जातो, पण हा बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा. गाव सोडून पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकायला आलेला, नव्या मुलांत एकटा पडलेला हा मुलगा वसतिगृहातल्या पोरांना समजावून सांगावा लागत नाही. भागवतांची वाक्यंही छोटी आणि धावती. मराठी ज्याची दुसरी भाषा आहे, त्याला ती दम न लागता वाचता येतात. 'श्यामची आई' (1935) मी एकट्यानं वाचायला देत नाही. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. ते पुस्तक तसंच, रात्री सगळ्यांनी मिळून ऐकायचं आहे. परीक्षेसाठी त्यातून गुण काढायला लावले की ते मरतं.

'तोत्तोचान'मधली शाळा आगगाडीच्या डब्यांत भरते. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे आहे ती फक्त वडसा-देसाईगंजला, भामरागडपासून फार दूर. तरी हे पुस्तक चालतं, कारण मुलीचं म्हणणं ऐकत बसणारे मुख्याध्यापक कुठल्याही मुलाला हवेसे वाटतात.

सगळ्यात वर मी 'पाडस' ठेवते. मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या 1938 सालच्या अमेरिकन कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद. ज्योडी या मुलाच्या बापाला साप चावतो. विष ओढून काढायला हवं म्हणून बाप समोरच्या हरिणीला गोळी घालतो आणि तिचं काळीज जखमेवर लावतो. पोरकं झालेलं पाडस ज्योडी घरी आणतो. ते वाढतं, मक्याची कोवळी रोपं खातं, आणि घर जगवायचं तर त्याला मारावं लागतं. शहरातला वाचक इथे रडतो. हेमलकशाच्या मुलाला यातली प्रत्येक गोष्ट माहीत आहे. साप चावलेली माणसं तिथल्या दवाखान्यात येतात, शिकार घरातली आहे, आणि आमट्यांच्या अंगणात आई गमावलेली पिल्लं वाढली आहेत. शिकार वाईट की प्राणी पाळणं वाईट, असला निवाडा पुस्तक करत नाही. भूक आणि माया दोन्ही खऱ्या ठेवतं. फ्लोरिडातल्या रानाची ही गोष्ट म्हणून भामरागडच्या मुलाला, जंगलावरच्या आपल्या कितीतरी बालकथांपेक्षा जवळची वाटते, आणि याची मला मराठी वाचक म्हणून खंत वाटते.

घरचं म्हणावं असं एक पुस्तक आहे, विलास मनोहरांचं 'नेगल'. हेमलकशाच्या बिबट्यांची आणि इतर प्राण्यांची ही हकिगत मोठ्यांसाठी लिहिली असली तरी सातवी-आठवीची मुलं ती सहज वाचू शकतात. पण तेही बाहेरून येऊन तिथे राहिलेल्या माणसाचं लेखन. माडिया मुलगी नायिका असलेली, तिच्या घरात, तिच्या भांडणात, सुट्टीवरून शाळेत परतताना तिच्या पोटात पडणाऱ्या खड्ड्यात रमणारी शंभर-दीडशे पानांची कादंबरी माझ्या कपाटात नाही. माडियातले शब्द जागच्या जागी ठेवणारी, प्रत्येक शब्दाला तळटीप न लावणारी अशी कादंबरी बहुधा याच शाळांतून शिकून गेलेलं कुणीतरी लिहील. तिची वाट बघताना निदान द्विभाषिक गोष्टी तरी लांब व्हाव्यात. माडिया किंवा गोंडीत मुलांसाठी जे थोडंफार निघतं, ते चिमुकल्यांच्या चित्रपुस्तकांपाशीच थांबतं. जणू दहाव्या वर्षानंतर त्या भाषेत सांगण्यासारखं काही उरतच नाही.

पावसाळ्यात पुलांवरून पाणी गेलं की तिकडची वाट बंद होते. म्हणून पेटी जूनच्या आधी भरायची आणि पुन्हापुन्हा वाचता येईल तेच द्यायचं. बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक तळाला रचलेत. 1971 पासून हे मासिक निघतंय, आणि चांगले लेखक नि चित्रकार इतक्या कमी पैशांत दुसरीकडे मिळत नाहीत. त्यावर 'वाचू आनंदे'चे कुमारगटाचे दोन्ही भाग, मग फेणे. 'पाडस'च्या प्रती दोन घेतल्यात. एक शिक्षकांकडे राहील, रात्री वाचून दाखवायला. दुसरी मुलांच्या हातात फिरेल, म्हणून तिला आजच जाड खाकी कव्हर घातलं.