मूल तेव्हा कोणाकडे होतं?

व्याख्यानमालेने या वर्षी आम्हाला विषय दिला तो असा: 'आईपण आणि स्वतःचा शोध : मराठी साहित्याच्या आरशात'. आम्ही म्हणजे महिन्यातून एकदा जमून पुस्तकं वाचणारा एक छोटा गट. त्यात शिकवणाऱ्या आहेत, बँकेत नोकरी करणाऱ्या आहेत, घर सांभाळणाऱ्या आहेत. आज उभी राहून बोलणारी एकच असली तरी मतं भांडून-तंडून सगळ्यांनी मिळून ठरवलेली आहेत. म्हणून सगळीकडे 'आम्ही' असं ऐकू येईल, ते तसंच समजून घ्या.

'ओव्हरव्हेल्म झालंय' असं तरुण मुली सर्रास म्हणतात. आपल्याकडे त्याला जुने शब्द आहेत. जीव मेटाकुटीला आला, नाकी नऊ आले, डोक्यावरून पाणी गेलं. म्हणजे अनुभव नवा नाही. प्रश्न असा की आपल्या साहित्याने त्याचं केलं काय? आमचं उत्तर थोडं कडू आहे. आपण वाचकांनी आणि समीक्षकांनी या दमणुकीचं कौतुक केलं. 'सोशिक', 'हसतमुख', 'खंबीर' अशी विशेषणं दिली आणि पुस्तक मिटलं. त्याऐवजी एक साधा प्रश्न विचारून बघू या, असं आम्ही ठरवलं. बाईने लिहिलेलं किंवा बाईबद्दल लिहिलेलं कुठलंही पुस्तक हातात घ्यायचं आणि विचारायचं: हे लिहिलं जात होतं तेव्हा मूल कोणाकडे होतं? चूल कोण सांभाळत होतं?

सुरुवात 'श्यामची आई'पासून करू, कारण मराठी मनातली आई बरीचशी त्या पुस्तकाने घडवली. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये पाच दिवसांत लिहिलं. पाच दिवस! तुरुंगात का होईना, पण सलग वेळ होता. दळण-कांडण, धुणं-भांडी, आजारपणं यांत पिचलेल्या बाईची गोष्ट तिच्या मुलाने सांगितली, आणि सांगितली तेव्हा ती बाई हयात नव्हती. हे फक्त गुरुजींचं नाही. माधव जूलियन आणि यशवंत यांच्या आईवरच्या कविता पाठ नसलेला मराठी माणूस विरळा. त्यांतही आई समोर नाही, तिची उणीव आहे. मराठी साहित्यात आईला मानाचं पान मिळालं ते बहुधा ती उठून गेल्यावर.

गुरुजींना कमी लेखायचा हेतू अजिबात नाही. उलट आमची तक्रार वाचकांबद्दल आहे. त्या पुस्तकाची पहिलीच रात्र आठवून बघा. वटसावित्रीचं व्रत आहे, आई आजारी आहे, वडाला प्रदक्षिणा घालणं तिला झेपत नाही. ती श्यामला सांगते, माझ्या वतीने तू घाल. श्यामला लाज वाटते. बायकांमध्ये जाऊन हे कसं करायचं? आई त्याची लाज काढून टाकते. आता पुस्तकाच्या अगदी उंबरठ्यावर एक आई मुलाला सांगते आहे की माझं काम आज तू कर. ही गोष्ट ऐकून पिढ्यान्‌पिढ्या डोळे ओले झाले. पण त्यातून धडा कोणता घेतला गेला? 'आई किती थोर!' धडा 'आईचं काम मुलाने करायला लाजू नये' असाही होता. तो फारसा कुणी घेतला नाही. पुस्तकात होता, वाचनात हरवला.

आता बाई स्वतः बोलते तेव्हा काय होतं ते पाहू. पहिली जागा अर्थातच जातं. गी पॉइटेव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. मराठीत आईपणाबद्दलचं एवढं मोठं लेखन दुसरीकडे कुठेही नाही, आणि ते 'लेखन' नव्हतंच. ते का शक्य झालं? हात खुंट्यात अडकलेले, पण तोंड मोकळं. मूल मांडीवर नाहीतर शेजारी निजलेलं. आणि बहुतेकदा समोर दुसरी बाई. ही दुसरी बाई फार महत्त्वाची. एकीने ओवी टाकायची, दुसरीने पुढे न्यायची. सासरचा जाच, माहेरची ओढ, लेकरू गेल्याचं दुःख, सगळं त्या दोघींमध्ये भरडलं जायचं.

जात्याचे दिवस परत यावेत असं आम्ही म्हणत नाही. पहाटे उठून पायली-पायली दळणं काय असतं हे आमच्यातल्या काहींच्या आज्यांनी सांगितलेलं आहे. गिरणी आली हे बरंच झालं. फक्त एवढं लक्षात घ्या की गिरणीने कष्ट नेले, त्यांच्याबरोबर समोरची बाईसुद्धा नेली. आजच्या फ्लॅटमध्ये मिक्सर आहे, वॉशिंग मशीन आहे, आणि चार महिन्यांचं बाळ घेऊन दिवसभर एकटी असलेली आई आहे. तिच्याकडे यंत्रं आहेत, ओवी पुढे नेणारी नाही.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण याच धाग्यातलं. ऐन तिशीत वैधव्य, तीन मुलं, शेत, घर. लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता गाणी सुचत, म्हटली जात. मुलाने, सोपानदेवांनी आणि एका नातलगाने ती टिपून ठेवली. 1951 साली त्या गेल्या, 1952 साली पुस्तक आलं. त्यांच्या प्रतिभेबद्दल आपण खूप बोललो. आम्हाला त्या टिपून घेण्याबद्दलही बोलावंसं वाटतं. कुणीतरी थांबून ऐकलं, कागद-पेन्सिल घेतली, म्हणून बहिणाबाई आपल्याला मिळाल्या. ज्यांच्या घरात असं ऐकणारं कुणी नव्हतं अशा किती असतील, याचा हिशेब कधीच लागणार नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'कडे वळू. 1934 पासून हे पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध झालं, तेव्हा लक्ष्मीबाई साठीच्या पलीकडे होत्या. टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. मुलगा लिही म्हणून मागे लागला होता. म्हणजे आमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: मूल मोठं झालेलं होतं आणि तेच आता वही पुढे करत होतं. मधली सगळी वर्षं पुस्तकात आहेत. लहानपणी गेलेली अपत्यं, न सांगता घरातून निघून जाणारा नवरा, धर्मांतरानंतरची सुमारे पाच वर्षांची ताटातूट, लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आसऱ्याला राहणं, पुढे दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांनी भरलेलं घर. हे सगळं लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात, आणि इथेच आपण फसतो. लक्ष्मीबाईंचा विनोद हा त्यांच्या सहनशीलतेचा पुरावा म्हणून आपण मिरवतो. आम्हाला तसं वाटत नाही. तीस-चाळीस वर्षांच्या अंतरावरून, हातातली कामं संपल्यावर, माणूस हसू शकतं. ज्या दिवशी नवरा घर सोडून गेला त्या दिवशी त्या हसत नव्हत्या, आणि पुस्तकही ते लपवत नाही. तिशीतल्या लक्ष्मीबाईंकडे सांगायला खूप असणार, सांगायला उसंत नव्हती.

इथवर आलेल्या घरांत निदान काही आधार तरी होते. सव्वा महिन्याचं बाळंतपण आपण जाणतो. माहेरी जायचं, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, न्हाऊ घालायला बाई. या प्रथेत बंधनं खूप होती, पण एक शहाणपणही होतं: बाळंतिणीला काही दिवस कामातून सोडवलं पाहिजे, हे समाज मान्य करत होता. मात्र हा 'समाज' म्हणजे कोण? बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' वाचलं की हे चित्र फाटतं. 1986 साली आलेल्या या पुस्तकात महारवाड्यातल्या पोरसवदा सुनांची बाळंतपणं आहेत. घरात दाणा नाही. बाळंतिणीच्या पोटात अन्न नाही. लाडूंची गोष्टच दूर. आणि सासू छळते, कारण तीही कधी अशीच छळलेली होती. कांबळे हे दुःख 'माझं' म्हणत नाहीत. शीर्षकापासूनच 'आमचं' म्हणतात. स्वतःचा शोध म्हणजे एकटीने आरशात बघणं, ही आजची समजूत या पुस्तकापुढे टिकत नाही. त्यांना 'मी' सापडते ती आंबेडकरी चळवळीत, इतर बायांबरोबर सभेला जाताना, मुलांना शाळेत घालताना.

आणि हे पुस्तक लिहिलं कसं? फलटणला त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. गल्ला सांभाळता सांभाळता त्या वाचत, लिहीत. लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवत. सुमारे वीस वर्षं ते लपलेलं राहिलं. मघाचा हिशेब आठवा. तुरुंगात पाच दिवस, दुकानात वीस वर्षं. दोन्ही पुस्तकं मोठी आहेत. पण दुसऱ्या पुस्तकाचं मोठेपण सांगताना या वीस वर्षांना 'जिद्द' म्हणून मोकळं होणं बरोबर नाही. ती वर्षं त्यांच्याकडून घेतली गेली होती.

ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (2003) हा हिशेब उघडपणे मांडलेला सापडतो. कोकणात आई टोपल्या, सुपं विणते, तिचे हात कधी थांबत नाहीत. मुलगी मुंबईत नोकरी करते, तीन मुलांची आई होते, लग्नानंतर शिकत राहते. एम.ए.पर्यंत गेल्यावर घरात कुरबूर होते. बायको शिकलेली हवी, पण किती, याची एक रेघ नवऱ्याच्या मनात आखलेली असते, आणि ती नेमकी कुठे आहे हे ओलांडल्यावरच कळतं. पवारांनी आईच्या विणण्याशी स्वतःच्या लिहिण्याचं नातं जोडलं. आम्हाला यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की त्या आईला देव्हाऱ्यात बसवत नाहीत. आई चिडते, बोलते, थकते. तिचे हात दुखतात. मुलीने आईला कामगार म्हणून पाहिलं, म्हणून ती माणूस म्हणून दिसली.

आता अगदी अलीकडचं. 2023 साली 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणी, सहा तऱ्हेचे ताण, आणि मंगळागौरीच्या स्पर्धेनिमित्त एकत्र येणं. गटागटाने बायका नटून-थटून थिएटरात गेल्या. या चित्रपटावर नाकं मुरडणारे बरेच होते. आम्ही त्यांच्यात नाही. जात्यावरची समोरची बाई तेवढ्या वेळापुरती परत आली, हे त्याचं यश आहे. आमचा आक्षेप वेगळा. चित्रपटात बहिणी नाचतात, रडतात, एकमेकींना माफ करतात. मनं मोकळी होतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डबा कोण करणार, याची वाटणी बदललेली दिसत नाही. बाईचा प्रश्न तिच्या मनात आहे आणि उत्तरही तिथेच आहे, असं एकदा धरलं की घरातल्या बाकीच्यांना काहीच करावं लागत नाही. टाळ्या वाजवल्या की झालं.

हे आमचं नुसतं वाटणं नाही. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्यांचा रोजचा सरासरी वेळ मोजतात. 2019 मध्ये तो बायकांचा 299 मिनिटं आणि पुरुषांचा 97 मिनिटं होता. 2024 मध्ये बायकांचा 289, पुरुषांचा 88. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली. पण त्यांच्या वाट्याची दहा मिनिटं पुरुषांनी उचलली म्हणावं, तर त्यांचीही नऊ कमी झाली!

मग समीक्षेने काय करायचं? स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला आम्ही समीक्षकांना सांगत नाही. घासली तर आनंदच आहे. पण निदान शब्द तरी जपून वापरावेत. कुठल्याही लेखिकेच्या ओळखीत 'घर-संसार सांभाळून' हे कौतुक म्हणून लिहिणं बंद करावं. लेखकाच्या ओळखीत ते कधी वाचलंय का आपण? आत्मचरित्र वाचताना त्यातल्या भावनांइतकंच त्यातलं घड्याळ वाचावं. ती कधी लिहायची, कुठे बसून लिहायची, कोण ऐकत होतं, कोणापासून लपवावं लागत होतं. ज्या पुस्तकात या प्रश्नांची उत्तरं नसतील, तिथे ती का नाहीत हेही विचारावं.

आणि शेवटी, इथे बसलेल्या तरुण आयांना. तुम्ही मेटाकुटीला आला असाल तर ते तुमच्या स्वभावाचं उणेपण नाही. या सगळ्या पुस्तकांमधून आम्हाला दिसलं ते इतकंच: बाईला स्वतःची ओळख लागली ती कुणीतरी थोडा वेळ तिचं ओझं धरलं तेव्हा. कधी समोर दळणाऱ्या बाईने, कधी टिपून घेणाऱ्या मुलाने, कधी चळवळीने. ते धरणारं माणूस मागायची लाज वाटू देऊ नका. आज या सभागृहात मागच्या रांगेत दोन-तीन बाबा पोरांना कडेवर घेऊन उभे आहेत. त्यांची मुलं मधूनमधून रडली, आम्हाला त्याचा काहीच त्रास झाला नाही. त्यांच्या बायका पुढे बसून ऐकत होत्या.