नायगावाहून लिहिलेले पत्र

खंडाळा म्हटले की पुण्यामुंबईच्या वाचकास बोरघाटातील थंड हवेचे ठिकाण आठवते. परंतु त्याच नावाचा एक तालुका सातारा जिल्ह्याच्या उत्तरेस आहे, आणि त्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव होय. ३ जानेवारी १८३१ रोजी तेथील नेवसे पाटलांच्या घरी त्या जन्मल्या. १८५६ च्या ऑक्टोबरात, दुखण्यातून उठत असता, याच माहेरघरातून त्यांनी जोतीरावांस जे पत्र लिहिले, ते म. गो. माळी यांनी संपादिलेल्या व १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयात आहे. सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून त्याचा उपयोग पुष्कळांनी केला आहे. मला ते निराळ्या दृष्टीने वाचावेसे वाटते. कार्याच्या ऐन भरात ज्याला सक्तीने थांबावे लागले, अशा पुढाऱ्याने झाल्या कामाचा हिशोब कसा मांडावा, याचा हा नमुना आहे. आणि आपल्या वाङ्मयात असे नमुने फार नाहीत.

हिशोब मांडण्याची आपल्याकडील रूढ रीत म्हणजे सत्कार. तोही या दांपत्याच्या वाट्यास आला होता. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्यास विश्रामबागवाड्यात मोठी सभा भरून सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांस शाली अर्पण करण्यात आल्या. शाळेच्या उद्योगापायी तीनच वर्षांपूर्वी उभयतांस घर सोडावे लागले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मानाचे मोल कळते. तथापि सत्काराच्या सभेत आपले यश दुसरा मनुष्य बोलून दाखवितो, आणि समोर बसलेले बहुधा अनुकूलच असतात. (प्रतिकूल असलेले त्या दिवशी घरी राहतात.)

नायगावच्या घरातील श्रोता तसा नव्हता. ज्या भावाने आजारपणात रात्रंदिवस शुश्रूषा केली, असे सावित्रीबाई कृतज्ञतेने लिहितात, तोच भाऊ एके दिवशी म्हणतो की, महारामांगांसाठी खपता म्हणून तुम्हां दोघांना वाळीत टाकले ते योग्यच झाले. शत्रूने हे म्हटले असते तर उत्तर सोपे होते. येथे बोलणाऱ्याचे उपकार अंगावर आहेत, आई जवळच कष्टी होऊन बसली आहे, आणि उत्तर देणारी पंचवीस वर्षांची स्त्री नुकती कोठे अंथरुणातून उठली आहे. त्या भावाला विचारतात: गाईशेळ्यांना तू गोंजारतोस, नागपंचमीस विषारी सापाला दूध पाजतोस, मग आपल्यासारखीच असलेली माणसे तेवढी तुला अस्पृश्य कशी? पाटलाच्या घरात रोज दिसणाऱ्या वस्तूंतूनच हा युक्तिवाद उभा राहिला आहे. त्यात ग्रंथांचा आधार कोठेही शोधलेला नाही. १८५२ च्या सत्काराची आठवणही त्या भावाला करून देतात, पण ती ओझरती. भर आहे तो शिकविण्यापासून आपणास लाभणाऱ्या आनंदावर. आठ वर्षांच्या छळानंतर जमेच्या बाजूस आनंद लिहिणे, हे मला सर्वांत धीट वाटते.

आणखी एक गोष्ट. प्रकृतीचे वर्तमान सांगता सांगता त्या लिहितात की, माझ्या गैरहजेरीत फातिमेस त्रास होत असेल, पण ती कुरकुरणार नाही. पुढाऱ्यांच्या आत्मकथा मी पुष्कळ वाचल्या. आपण विसावा घेत असता आपला भार कोणाच्या खांद्यावर आहे याची इतक्या सहजतेने आठवण ठेवणारा लेखक विरळा. फातिमा शेख यांच्याविषयी लिखित पुरावा अत्यल्प असल्याने या ओळीचे मोल इतिहासकारांना आहेच, परंतु पत्राच्या घडणीतही ती महत्त्वाची आहे.

पत्रात उणिवा नाहीत असे नाही. भावाचे मन फार लवकर पालटते. एवढा हट्टी मनुष्य एका बैठकीत क्षमा मागतो, हे वाचकाच्या गळी सहजी उतरत नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. कार्याचे कर्तेपण त्या पतीकडे देतात आणि स्वतःकडे साहाय्यकाची जागा घेतात. हा त्या काळच्या स्त्रीचा विनय असेल, पण हिशोब म्हणून तो चुकीचा आहे. वर्गात प्रत्यक्ष उभे राहून मुलींना अक्षरे शिकविणारीस कोणी साहाय्यक म्हणत नाही.

पुढील दोन पत्रांत ही उणीव उरलेली नाही. कारण तेथे हिशोबच नाही. १८६८ चे पत्रही नायगावचेच. एक ब्राह्मण तरुण व एक महार मुलगी यांना गावकरी मारावयास निघाले असता आपण मध्ये पडून त्यांचे प्राण वाचविले, एवढेच वृत्त त्यात आहे. १८७७ चे पत्र जुन्नरकडील ओतूरचे. ते दुष्काळाने भरले आहे. जोतीरावांस मात्र ११ मे १८८८ रोजी मुंबईस पुन्हा एका सत्कारसभेत बसावे लागले, आणि ‘महात्मा’ ही पदवी त्यांना तेथे मिळाली.

सावित्रीबाईंच्या वाट्यास १८५६ साली आलेला सत्कार एवढाच, की वाद संपल्यावर आई म्हणाली, तुझ्या तोंडून देवच बोलत असावा. ते शब्द ऐकून आपणास फार बरे वाटले, हे त्यांनी पतीपासून लपविले नाही. प्रकृतीस आराम पडताच पुण्यास येते, हे तर त्यांनी आधीच कळविले होते.