‘फलन’ या संज्ञेविषयी

बीजगणितातील ‘फंक्शन’साठी रूढ झालेली ‘फलन’ ही संज्ञा निर्दोष नाही. ‘फळणे’ या क्रियेशी असलेल्या नात्यामुळे तीतून कार्यकारणभाव सूचित होतो; ‘प्रत्येकास एक आणि एकच’ ही मुख्य अट मात्र सूचित होत नाही. वस्तुतः १८३७ मध्ये डिरिख्लेने सूत्राचाही आग्रह न धरता याच अटीवर भर दिला होता.

मालवण बंदरातील भरती-सुकतीचे उदाहरण घ्यावे. वेळेवरून पाण्याची उंची ठरते. उंचीवरून वेळ ठरत नाही, कारण तीच उंची दिवसातून एकाहून अधिक वेळा येते. पहिला संबंध फलन होय, दुसरा नव्हे. ‘अमक्यावरून तमके ठरणे’ ही साधी मराठी वाक्यरचना हा भेद अचूक दाखविते. विचारात घेतलेल्या वेळा हा प्रांत. त्या वेळांना येणाऱ्या उंची हा विस्तार. उधाण वगळून केवळ भांगाचे दिवस घेतले, तर नियम तोच राहूनही विस्तार आक्रसतो. म्हणून प्रांत न सांगता विस्तार विचारणे व्यर्थ होय.

संज्ञा बदलावी, असे आमचे म्हणणे नाही. व्याख्येपूर्वी विद्यार्थ्यास ‘कशावरून काय ठरते?’ हे विचारले जावे, एवढेच सुचवावयाचे आहे.