स्थलांतरित पिशाच्च आणि पदवाचक शब्द

परकीय पिशाच्च ऐतिहासिक कादंबरीत आणताना लेखकापुढील खरा प्रश्न वेषभूषेचा नसून नामकरणाचा असतो. ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या कादंबरीतील रक्तपिपासू ‘काउंट’ आहे. त्याची पदवी आणि त्याची दहशत एकमेकींपासून विलग करता येत नाहीत.

सेइशी योकोमिझो यांनी ‘दोकुरो केंग्यो’ (१९३९) या कादंबरीत हेच कथाबीज सामुराईंच्या एदो काळात रुजविले. मात्र ‘काउंट’ला पर्याय म्हणून त्यांनी सामुराई वर्गातील पदवी योजिली नाही. ‘दोकुरो’ म्हणजे कवटी आणि ‘केंग्यो’ म्हणजे अंधांच्या संघातील सर्वोच्च पद. वादन, अंगमर्दन इत्यादी व्यवसाय करणाऱ्या या संघास शोगुनशाहीने सावकारीचीही मुभा दिली होती व तिच्या चढ्या व्याजाखाली सामुराईदेखील दबलेले असत. खड्गधारी ज्याच्यापुढे हतबल होतो, असे हे पद होय. शिवाय हा केंग्यो म्हणजे शिमाबाराच्या बंडाचा (१६३७–३८) ख्रिस्ती नायक आमाकुसा शिरो असल्याचे उघड होते. स्टोकर यांच्याकडे क्रूस हा पिशाच्चावरील उतारा. येथे निषिद्ध क्रूसाचा अनुयायीच पिशाच्च होऊन परततो. केवळ अनुवादातून असा व्यत्यास साधला नसता.

मराठीत नारायण धारप यांनी स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ रचली. परंतु तिचा काळ ऐतिहासिक नव्हे, समकालीन आहे. ऐतिहासिक कादंबरीसाठी लागणारे पद मात्र बोलीत तयारच आहे. राळेगावसारख्या कापसाच्या मुलखात ‘सावकाराने रक्त शोषले’ या वाक्प्रयोगाचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नाही.

तथापि, या रूपकाचे शब्दशः पिशाच्च करण्यात एक धोका संभवतो. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा त्यांचा मुख्य रोख सावकाराच्या देहावर नव्हता. त्यांनी कर्जरोखे हिसकावून जाळले. शोषणाचे बळ दातांत नसून कागदात व तो कागद मान्य करणाऱ्या न्यायालयात आहे, हे त्यांनी ओळखले होते. सावकारास सुळे देणारी कथा या कागदास दोषमुक्त करील. मराठी ऐतिहासिक भयकथेला आपला केंग्यो शोधावयाचा असेल, तर तिने माणसाच्या आधी रोख्याकडे पाहावे.