उत्पन्नाचा दाखला आणि लेकीचा हक्क : ‘लेक लाडकी’ योजनेतील उत्पन्न-अटीची चिकित्सा
(पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागाने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी शासन निर्णय निर्गमित करून ‘लेक लाडकी’ योजना लागू केली. १ एप्रिल २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलीस जन्मानंतर ५,००० रुपये, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० असे एकूण १,०१,००० रुपये देण्याची तरतूद तीत आहे. मुलींचा जन्मदर वाढावा, त्यांचे शिक्षण मध्येच थांबू नये, बालविवाह रोखले जावेत ही योजनेची उद्दिष्टे होत. त्यांविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ही उद्दिष्टे नसून त्यांच्या उंबरठ्यावर उभी असलेली एक अट हा आहे. लाभार्थी कुटुंब पिवळ्या वा केशरी शिधापत्रिकेचे असावे, त्याचे वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांपेक्षा जास्त नसावे आणि त्याबद्दल तहसीलदारांचा दाखला जोडावा, अशी ती अट आहे. वाचताना ती निरुपद्रवी वाटते. भोसरी, आकुर्डी, चाकण, तळेगाव येथील एखाद्या कंत्राटी कामगाराच्या वेतनचिठ्ठीशेजारी ठेवली की तिचे खरे स्वरूप ध्यानात येते.

एक लाखाची वंशावळ

एक लाख हा आकडा २०२३ साली कोणा अर्थशास्त्रज्ञाने काढलेला नाही. तो वारशाने आलेला आहे. राज्यात १ मे १९९९ पासून त्रिरंगी शिधापत्रिका सुरू झाल्या. वार्षिक १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास पिवळी, त्याहून अधिक परंतु एक लाखापर्यंत केशरी आणि त्यापुढे शुभ्र, अशी ती विभागणी होती. उत्पन्नाच्या जोडीला इतर निकषही होते. चारचाकी वाहन असलेल्या कुटुंबास केशरी शिधापत्रिका मिळत नव्हती. अपवाद फक्त टॅक्सीचालकाचा. (ज्या पट्ट्यातून देशभर चारचाकी वाहने जातात, तेथे कर्ज काढून घेतलेला मालवाहू ‘छोटा हत्ती’ हे श्रीमंतीचे लक्षण मानावे की रोजगाराचे साधन, हा प्रश्न या निकषाला पडलेला दिसत नाही.)

१९९९ ते २०२३ या चोवीस वर्षांत औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक चौपटीहून अधिक वाढला. म्हणजे १९९९ च्या एक लाखाची खरेदीशक्ती राखायची तर २०२३ मध्ये मर्यादा चार लाखांच्या वर न्यावी लागली असती. उलट बाजूने पाहिल्यास २०२३ चे एक लाख रुपये १९९९ च्या पंचवीस हजारांहूनही कमी भरतात. त्या वेळी पिवळ्या शिधापत्रिकेची मर्यादा पंधरा हजार होती, हे लक्षात घेतले म्हणजे आजचा ‘केशरी’ हा कालच्या ‘पिवळ्या’च्या किती जवळ सरकला आहे ते स्पष्ट होते. शिधापत्रिकेचा रंग तोच राहिला, त्याचा अर्थ मात्र बदलला. पिवळ्या मर्यादेची अवस्था तर याहून विलक्षण आहे. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. त्या दराने कायद्याने हमी दिलेले पूर्ण शंभर दिवस काम केलेल्या कुटुंबाचे उत्पन्न २९,७०० रुपये होते, म्हणजे पिवळ्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. शासनाच्याच कामावर राबलेले कुटुंब शासनाच्याच मोजपट्टीवर ‘पिवळे’ ठरत नाही.

येथे आणखी एका गोष्टीची नोंद घेणे आवश्यक आहे. ‘लेक लाडकी’ ज्या योजनेच्या जागी आली, त्या ‘माझी कन्या भाग्यश्री’ योजनेची उत्पन्नमर्यादा १ ऑगस्ट २०१७ पासून साडेसात लाख रुपये होती. पूर्वीच्या योजनेत कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेची अट कडक होती आणि रक्कम कमी होती. एका मुलीनंतर शस्त्रक्रिया केल्यास ५०,००० आणि दोन मुलींनंतर केल्यास प्रत्येकी २५,००० रुपये मिळत. नव्या योजनेने रक्कम वाढवली आणि दार अरुंद केले. वाढीची वार्ता सर्वत्र झाली. साडेसात लाखांवरून एक लाखावर आलेल्या मर्यादेची चर्चा त्या मानाने झाली नाही.

अंदाज की मापन?

वर्षाला एक लाख म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. महिन्याचे सव्वीस कामाचे दिवस धरल्यास दिवसाला सुमारे ३२० रुपये. मिळवता माणूस एकच असला आणि तो वर्षभर कामावर असला, तरी याहून अधिक रोज घेणाऱ्याचे कुटुंब योजनेबाहेर जाते. महिना बारा हजारांवर असलेल्या मदतनिसाचे वर्षाचे उत्पन्न १,४४,००० होते. पत्नी निगडी-प्राधिकरणात चार घरची धुणीभांडी करून महिना तीन हजार आणत असेल तर ते १,८०,००० वर जाते. हे कुटुंब दहा बाय बाराच्या खोलीत भाड्याने राहते, ही बाब दाखल्यात कोठेही येत नाही. दाखला उत्पन्न मोजतो, खर्च मोजत नाही आणि घरातील खाणारी तोंडे तर मुळीच मोजत नाही.

परंतु खरी अडचण आकडा लहान असण्यापुरती नाही. या पट्ट्यातील मोठ्या कामगारवर्गाचे उत्पन्न ठरीव नसते. कंत्राटी कामगाराला सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो. ओव्हरटाइम उत्पादनाच्या मागणीनुसार येतो-जातो. शिकाऊ उमेदवारास मिळणारे विद्यावेतन हे उत्पन्न की शिष्यवृत्ती, भविष्यनिर्वाह निधीची कपात होण्यापूर्वीची रक्कम धरावी की हातात पडणारी, गावाकडील सामाईक शेतीतील वाटा कोणाच्या नावे लावावा, यांपैकी कशाचाही उलगडा शासन निर्णय करीत नाही. ते सारे तो दाखल्यावर सोपवतो. आणि दाखला? तो अर्जदाराचे स्वयंघोषणापत्र, असल्यास वेतनाचा पुरावा आणि तलाठ्याची चौकशी यांवर उभा राहतो. म्हणजे ज्याला आपण ‘प्रमाणपत्र’ म्हणतो तो वस्तुतः एक अंदाज असतो. अंदाज करण्यात गैर काही नाही. बदलत्या उत्पन्नाचा अंदाजच करता येतो. गैर हे की शासन निर्णय त्या अंदाजाला रुपया-रुपयाच्या काटेकोर मापनाचा दर्जा देतो.

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. महिना तेरा हजार रुपये मिळवणारा एक कंत्राटी कामगार समजा. वर्षात सात महिने काम मिळाले तर त्याचे उत्पन्न ९१,००० होते आणि त्याची नवजात मुलगी पात्र ठरते. कंत्राटदाराने आठव्या महिन्यातही कामावर ठेवले तर उत्पन्न १,०४,००० होते आणि मुलगी अपात्र ठरते. एका महिन्याच्या जादा रोजगाराने १३,००० रुपये आले आणि १,०१,००० रुपये गेले. बेकारीचा एक महिना हा या कुटुंबाच्या दृष्टीने लाभदायक ठरावा, अशी ही रचना आहे. वर ज्या वर्षाच्या उत्पन्नावर हा निर्णय होतो ते मुलीच्या जन्माच्या मागेपुढेचे एखादे वर्ष. रकमेचा तीन-चतुर्थांश हिस्सा मात्र अठरा वर्षांनी, २०४१ पासून पुढे द्यावयाचा आहे. इतक्या दीर्घ काळात कंत्राटी कामगाराचे घर किती वेळा वर येईल आणि किती वेळा खाली जाईल याची मोजदाद जन्माच्या वेळचा दाखला कशी करणार?

रकमेविषयीही येथेच दोन शब्द सांगणे युक्त होईल. सरासरी पाच टक्के भाववाढ गृहीत धरली तर २०४१ चे ७५,००० रुपये २०२३ च्या सुमारे ३१,००० रुपयांइतके भरतात. पहिली, सहावी व अकरावीचे हप्ते अनुक्रमे सहाव्या, अकराव्या व सोळाव्या वर्षी मिळतील असे मानून सर्व हप्त्यांचे आजचे मूल्य काढल्यास बेरीज ४८,४०० रुपयांच्या आसपास येते. ‘एक लाख एक हजार’ हा शुभशकुनाचा आकडा आहे, आर्थिक आकडा नव्हे.

एक कुटुंब, अनेक उत्पन्ने

वरील १,४४,००० रुपयांच्या कुटुंबाकडे पुन्हा वळू. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने आली, तेव्हा तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये ठेवण्यात आली आणि पिवळी वा केशरी शिधापत्रिका असलेल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट देण्यात आली. म्हणजे तीच केशरी शिधापत्रिका आईसाठी अडीच लाखांखालील उत्पन्नाचा पुरेसा पुरावा ठरली; मुलीसाठी मात्र ती पुरेशी नाही, तिला एक लाखाचा दाखला वेगळा जोडावा लागतो. शिक्षणहक्क कायद्याखालील पंचवीस टक्के प्रवेशात आर्थिक दुर्बल घटकासाठी पुन्हा एक लाखाची मर्यादा आहे. आठवीतील गुणवत्ता शिष्यवृत्तीसाठी साडेतीन लाख, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसाठी आठ लाख. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतही आठ लाखांखालील उत्पन्न हा पात्रतेचा एक निकष आहे. राज्य कामगार विम्याची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० करण्यात आली, म्हणजे वर्षाला अडीच लाखांहून थोडी अधिक. सारांश असा की हे कुटुंब गर्भारपणी गरीब असते, बाळंतपणानंतर मुलीच्या नावाने अर्ज करताना सधन होते, आईच्या नावाने अर्ज करताना पुन्हा गरीब होते, शाळाप्रवेशाच्या वेळी सधन आणि आठवीत परत गरीब. दारिद्र्य ही अवस्था न राहता तो विभागागणिक बदलणारा शिक्का झाला आहे.

महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासण्याचे काम ज्या सहकाऱ्यांनी केले आहे त्यांना या शिक्क्याचा एक परिणाम परिचित असेल. दाखल्यांवरील आकडे मर्यादेच्या अलीकडे दाटीवाटीने उभे असतात. याबद्दल पालकांना दोष देणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते दोष मर्यादेचा आहे. खरे उत्पन्न सांगणाऱ्याचे नुकसान आणि कमी सांगणाऱ्याचा लाभ अशी व्यवस्था उभी केल्यावर ती व्यवस्था खोटेपणा शोधून काढते असे नव्हे, ती तो निर्माण करते. त्यातही विषमता आहेच. ज्याच्या हातात वेतनचिठ्ठी आहे आणि ज्याचा पगार बँकेत जमा होतो, त्या कामगाराला आकडा लपवता येत नाही. वेतनचिठ्ठी न देणाऱ्या लहान वर्कशॉपमधील कामगार, त्याहून अधिक मिळवत असला तरी, एक लाखाच्या आत बसू शकतो. औपचारिक रोजगाराला दंड आणि अनौपचारिक रोजगाराला बक्षीस असा हा उलटा न्याय होय.

ज्यांचे मूळ गाव लातूर, बीड वा नांदेडकडे आहे त्यांची आणखी एक अडचण आहे. शिधापत्रिका गावी, तीही बहुधा वडिलांच्या नावाची, नोकरी चाकणला, बाळंतपण माहेरी. पिंपरी-चिंचवडसाठी अपर तहसील कार्यालय आहे, चाकण खेड तालुक्यात मोडते, तळेगाव मावळात. एकाच औद्योगिक पट्ट्यात खोली बदलली की दाखल्याचे कार्यालय बदलते. त्या दाखल्यासाठी बुडणारा रोज हाही खर्चच आहे.

अन्यत्र काय घडले

उत्पन्नावर आधारित बाललाभाचा प्रश्न आपल्यापुढेच आला आहे असे नाही. ऑस्ट्रेलियातील कुटुंबलाभात पालक येणाऱ्या वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज स्वतः कळवतात आणि वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष उत्पन्नाशी मेळ घातला जातो. अंदाज चुकला तर जादा मिळालेली रक्कम परत करावी लागते. कॅनडात २०१६ पासूनचा बाललाभ मागील वर्षाच्या करविवरणपत्रावरून ठरतो आणि दर जुलैमध्ये नव्याने मोजला जातो. ब्रिटनमध्ये २०२४ पासून साठ हजार ते ऐंशी हजार पौंड या टप्प्यात लाभ हळूहळू घटत जातो. या तिन्ही पद्धतींत दोष आहेत. विशेषतः परतफेडीचा बोजा अनिश्चित मिळकतीच्या कुटुंबांवरच पडतो, हा अनुभव ब्रिटनने २००३ नंतरच्या करसवलत योजनेत घेतला. पण तिन्हींत एक गोष्ट समान आहे: उत्पन्न वाढले की लाभ उतरणीने कमी होतो, कड्यावरून खाली कोसळत नाही.

तरीही यांचे अनुकरण करावे असे सुचवणे धाडसाचे ठरेल. ज्या कामगाराचे उत्पन्न करपात्र नाही त्याचे विवरणपत्र कोठून आणणार? आपल्याकडे मोजता येण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. कोण निश्चितपणे सधन आहे ते शोधणे सोपे आहे: आयकर भरणारे, शासकीय व निमशासकीय सेवेतील कायम कर्मचारी. ‘लाडकी बहीण’ योजनेने काही अंशी हाच मार्ग धरला होता. अशांना वगळून उर्वरित सर्व मुलींची नोंद जन्मदाखल्यावरूनच करावी, अंगणवाडीसेविकेने अर्ज घ्यावा आणि तहसील कार्यालयाची फेरी रद्द करावी, ही सूचना खर्चाच्या भीतीने फेटाळली जाण्याचा संभव आहे. त्यावर एवढेच निदर्शनास आणावेसे वाटते की उत्पन्नाची अट घालून शासन जन्मवर्षात वाचवते ते प्रत्येक मुलीमागे पाच हजार रुपये. पहिलीचा हप्ता सहा वर्षांनी यायचा आहे आणि मोठा हप्ता अठरा वर्षांनी. तोवर किमान मर्यादा तरी राज्यातील अभियांत्रिकी उद्योगाच्या किमान वेतनाशी जोडावी, म्हणजे महागाई भत्ता बदलेल तशी ती आपोआप बदलेल. किमान वेतन देणे कारखानदारास कायद्याने बंधनकारक आहे. ते घेणाऱ्या बापाची मुलगी ‘लेक लाडकी’च्या यादीतून गळते, याचे कोणते स्पष्टीकरण महिला व बालविकास विभाग देतो?