शिक्षक कोटणीस : ‘अमर कहाणी’तून वगळलेले प्रकरण

प्रास्ताविक

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१९१०–१९४२) हे नाव मराठी वाचकाला नव्याने सांगावे लागत नाही. सोलापूरला जन्म, मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण, १९३८ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसने पाठविलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला प्रयाण आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच अकाली मृत्यू, एवढा तपशील बहुतेकांना ज्ञात असतो. तथापि हा परिचय मुख्यत्वे व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) या चित्रपटाने घडविलेला आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. चित्रपटाने डॉक्टर दिला, प्रेमिक दिला, हुतात्मा दिला. आयुष्याची अखेरची दोन वर्षे परक्या देशातील खेड्यांत, परक्या भाषेत शस्त्रक्रियाशास्त्र शिकविणारा अध्यापक मात्र त्याने दिला नाही. प्रस्तुत लेखात या वगळणुकीचा विचार केला आहे.

अध्यापनाची दोन वर्षे

पथकात पाच डॉक्टर होते. अलाहाबादचे मदन अटल हे त्याचे प्रमुख. नागपूरचे मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे विजयकुमार बसू व देवेश मुखर्जी, आणि कोटणीस. (चोळकर हे विदर्भाचे असूनही विदर्भात त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते, हेही येथे नोंदवावयास हवे.) १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून निघाले व कँटन, हँकौ, चुंगकिंग अशा मार्गाने १९३९ च्या प्रारंभी येनानला पोहोचले. चीनमध्ये असतानाच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. तरीही ते परतले नाहीत. पुढे बसू यांच्यासमवेत ते आघाडीकडे गेले. १९४० मध्ये बसू येनानला माघारी आले आणि कोटणीस उत्तरेकडील सीमाप्रदेशात राहिले. येथून पुढचा काळ त्यांच्या अध्यापनाचा आहे.

हेबेई प्रांतातील तांग परगण्याच्या डोंगराळ भागात नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन शल्यविशारदाच्या पुढाकाराने सप्टेंबर १९३९ मध्ये एक वैद्यकीय विद्यालय सुरू झाले होते. दोनच महिन्यांत, १२ नोव्हेंबरला, शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या जंतुसंसर्गाने बेथ्यून मरण पावले. विद्यालयास व त्यास जोडलेल्या रुग्णालयास त्यांचे नाव देण्यात आले. जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस त्या रुग्णालयाचे संचालक झाले आणि विद्यालयात शस्त्रक्रियाशास्त्र शिकवू लागले. या विद्यालयास इमारत अशी नव्हतीच. खेड्यातील घरे व अंगणे हेच वर्ग. जपानी सैन्याची मोहीम आली की वर्ग, रुग्ण, साहित्य सारे उचलून डोंगरात जावे लागे. विद्यार्थी प्रामुख्याने शेतकरी कुटुंबांतून आलेले. अनेकांचे शालेय शिक्षण जेमतेम झालेले. अशा वर्गापुढे ऊतक, रक्तस्राव, कोथ या संकल्पना मांडावयाच्या, त्याही दुभाष्यावाचून.

बेथ्यून यांचे कार्य दुभाष्याच्या साहाय्याने चाले. कोटणीस चिनी भाषा बोलावयास, वाचावयास व लिहावयास शिकले आणि चिनीतूनच व्याख्याने देऊ लागले. वैद्यकाचे संपूर्ण शिक्षण इंग्रजीतून घेतलेल्या माणसाने अवघ्या दोन-अडीच वर्षांत केलेली ही गोष्ट आहे. सोलापूर हे मराठी, कन्नड व तेलुगू या तीन भाषा बाजारात एकाच वेळी ऐकू येणारे शहर. तेथे वाढलेल्यास परक्या भाषेचा धाक कमी वाटत असावा, असे म्हणण्याचा मोह होतो. तो मोहच राहू द्यावा. निश्चित आहे ते एवढेच की वर्गाची भाषा शिकणे हा त्यांनी कामाचाच भाग मानला. ‘के दिहुआ’ हे चिनी नावही त्यांनी स्वीकारले. त्यातील ‘हुआ’ म्हणजे चीन.

चित्रपटातील भाषा

‘अमर कहानी’त सारा चीन हिंदुस्थानी बोलतो. हा तत्कालीन चित्रपटाचा सर्वमान्य संकेत होता व त्यास दोष देणे अन्यायाचे ठरेल. परंतु संकेताचीही किंमत असते. ज्या क्षणी चिनी सैनिक, परिचारिका आणि गावकरी नायकाशी त्याच्याच भाषेत बोलतात, त्या क्षणी नायकाचा सर्वांत दीर्घ व कष्टाचा प्रवास पडद्यावरून नाहीसा होतो. बोटीचा प्रवास दिसतो, भाषेचा दिसत नाही. शब्द न सापडल्याने अडलेले व्याख्यान, चुकीच्या उच्चाराने वर्गात पिकलेला हशा, रात्री बसून तयार केलेली परिभाषा, हे कोणत्याही अध्यापकाचे खरे जीवन होय. त्यास येथे जागाच उरत नाही. वाशीम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या गावी परजिल्ह्यातून येऊन प्रमाण मराठीत व्याख्यान देणाऱ्या आणि समोरच्या वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलांचे चेहरे वाचू पाहणाऱ्या प्राध्यापकास या उणिवेचे मोल अधिक सांगावे लागणार नाही.

भाषेचा प्रश्न सुटताच कथानकास नाट्याची दुसरी साधने शोधावी लागतात. चित्रपटातील कोटणीस जपान्यांच्या तावडीत सापडतो व निसटतो. भयंकर साथीवर उपाय शोधतो आणि अखेर त्याच रोगाला बळी पडतो. वास्तवात त्यांना अपस्माराचा विकार जडला होता. उपचारासाठी अन्यत्र जाण्याची सूचना त्यांनी मान्य केली नाही व त्या विकारानेच त्यांचा अंत झाला. अपस्मार हा आजार नायकत्वाला शोभत नाही, असे पटकथाकारांना वाटले असल्यास नवल नाही. मात्र साथीवरील विजय दाखविला की एका व्यक्तीचे असामान्यत्व सिद्ध होते. दररोज तास घेणे, आजारी असताना तास घेणे, यातील धैर्य त्याखाली झाकले जाते.

नायिकेच्या बाबतीतही हेच घडते. जयश्री यांनी रंगविलेली चिंग लान प्रेमळ आहे, धीट आहे. परंतु अखेरच्या प्रसंगात तिचे मुख्य कार्य मरणासन्न पतीच्या शब्दांनुसार मूल घेऊन सोलापूरच्या सासरी जाणे हे ठरते. हा प्रसंग मराठी मनाला भिडतो, यात शंका नाही. प्रत्यक्षातील गुओ चिंगलान या त्याच विद्यालयात परिचर्या शिकविणाऱ्या अध्यापिका होत्या. त्यांचा विवाह नोव्हेंबर १९४१ मध्ये झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. पतीच्या पश्चात त्या चीनमध्येच राहिल्या आणि २०१२ मध्ये दालियान येथे निवर्तल्या. दोन अध्यापकांचा एका विद्यालयात जमलेला संसार चित्रपटात सुनेच्या गृहप्रवेशावर संपतो.

साधनांची मर्यादा

हा दोष केवळ दिग्दर्शकाचा नव्हे. चित्रपटाचा आधार असलेले ख्वाजा अहमद अब्बास यांचे इंग्रजी पुस्तक १९४४ चे आहे. ‘एक जण परतला नाही’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षकच वाचकाचे लक्ष न परतण्याकडे वळविते. तेथे राहून काय केले, हा प्रश्न मागे पडतो. शिवाय अब्बास यांचा प्रमुख आधार होता तो १९४३ मध्ये भारतात परतलेल्या बसू यांच्या कथनाचा. बसू यांनी कोटणीसांसमवेत काढलेले दिवस हे प्रवासाचे, येनानचे व आघाडीवरील दिवस होत. विद्यालयातील १९४१ व १९४२ या वर्षांत ते तेथे नव्हते. कथेचा साक्षीदार जेथे थांबला तेथपर्यंतच कथा जिवंत राहिली आणि त्यापुढील भाग कल्पनेने भरला गेला, असे या साहित्याचे वाचन करताना स्पष्ट जाणवते. बंधू मंगेश कोटणीस यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र व पुढे गुओ चिंगलान यांच्या आठवणी यांमुळे ती पोकळी काही अंशी भरली. पण तोपर्यंत चित्रपटाची प्रतिमा पक्की झाली होती. नंतर दोन्ही देशांच्या राजनैतिक सोहळ्यांनी मैत्रीचे प्रतीक म्हणून तीच वापरली. प्रतीकाला वर्ग घ्यावे लागत नाहीत.

अर्धे राहिलेले पुस्तक

कोटणीसांच्या अध्यापनाचा सर्वांत ठोस पुरावा म्हणजे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी हाती घेतलेली क्रमिक पुस्तके. शस्त्रक्रियाशास्त्राच्या सामान्य तत्त्वांवरील पुस्तक त्यांनी पूर्ण केले होते. निरनिराळ्या अवयवांच्या शस्त्रक्रियांचे विवेचन करणारे दुसरे पुस्तक लिहीत असतानाच ते गेले. पहिल्या भागात जखम, संसर्ग, बधिरीकरण, निर्जंतुकीकरण यांसारखा सर्वांना लागू पडणारा विचार असतो; दुसऱ्यात डोके, छाती, उदर असे एकेक प्रकरण. अध्यापनाच्या दृष्टीने हा क्रमच बोलका आहे. ज्यांच्याकडे ग्रंथालय नाही, ज्यांना पुढच्या महिन्यात एकट्याने एखाद्या गावात जखमींसमोर उभे राहावयाचे आहे, त्यांना आधी तत्त्व द्यावयाचे आणि मग तपशील, असा तो निर्णय होता.

मुंबईत जे शास्त्र कोटणीस इंग्रजीतून शिकले, त्याचे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले नाही. तसे लिहिण्याचे कारण येथील शिक्षणव्यवस्थेने त्यांना दिलेच नसते. येथे वैद्यकाचा विद्यार्थीच भाषा बदलून वर्गात येई. तांग परगण्यात भाषा बदलावी लागली ती अध्यापकास. मराठीतील कोटणीसविषयक लेखनाने त्यांच्या त्यागापुढे वारंवार हात जोडले; या उलट्या व्यवस्थेकडे मात्र फारसे पाहिले नाही. त्यांनी जेथे शिकविले त्या विद्यालयाचा वारसा पुढे चांगचुन येथील वैद्यकीय विद्यापीठाकडे गेला व २००० मध्ये ते जिलिन विद्यापीठात विलीन झाले. डिसेंबर १९४२ मध्ये मात्र त्या खेड्यातील वर्गापाशी एक पूर्ण पुस्तक होते, दुसऱ्याची लिहून झालेली पाने होती, आणि ती पाने पुढे नेण्यासाठी त्यांनीच शिकविलेले विद्यार्थी होते.